फुटका मोबाईल द्या, टप घ्या!

"खराब मोबाईल, फुटका मोबाईल, बंद मोबाईल! टप घ्या, टोपलं घ्या, बादली घ्या!"

पूर्वी आमच्या तरोडा नाक्याकडच्या गल्लीत केसांवर भांडी देणाऱ्या बायका यायच्या. आता मोटारसायकलच्या मागं रंगीत प्लास्टिकचा ढीग बांधून पोरं येतात. त्यांना केस नको असतात, मोबाईल पाहिजे असतात. आरोळी संपायच्या आत शेजारच्या वैनी कंपाउंडच्या भिंतीपाशी हजर. वैनी मूळच्या लातूरच्या, औसा रोडच्या. लग्न होऊन नांदेडला आल्या त्याला जमाना झाला, पण नवं महसूल आयुक्तालय नांदेडला नाही, लातूरलाच व्हायला पाहिजे, हा हट्ट काही त्यांनी सोडलेला नाही.

"बाई, ओ बाई! हे तीन हायेत घरात. देऊन टाकू का? मोठा टप देतो म्हणायलाय."

भिंतीवर तीन मोबाईल मांडले गेले. एक काळा, काच तडकलेला. एक सोनेरी, पाठीमागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. तिसरा निळा, तो मात्र अगदी धड.

"टपात काय भिजवणार?" मी विचारलं.

"कपडे. अजून काय?"

"मग आधी ह्या मोबाईलमध्ये काय काय भिजत पडलंय ते सांगा. सातबाराचे फोटो असतील, आधार असेल, पोरीच्या निकालाचे कागद असतील, बँकेचे मेसेज असतील."

"पण बंद पडलेत की ओ ते!"

"पडदा बंद पडलाय, आतली चिप नाही. २०२४ च्या ऑगस्टात पलीकडं तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी बिहारची टोळी पकडली होती. गावोगाव फिरून असेच जुने मोबाईल गोळा करायची. पोत्यांत भरलेले चारेक हजार मोबाईल सापडले. ते जामताऱ्याकडच्या सायबरवाल्या भामट्यांना जायचे होते, असं पेपरात आलं होतं. हा पोरगा त्यातला असेल असं मी म्हणत नाही. त्याला बिचाऱ्याला पोटाची पडलीय. पण त्याच्याकडून पुढं कुठं जातात, हे त्याला तरी कुठं माहीत असतं?"

वैनींनी तिन्ही मोबाईल लगबगीनं पदराखाली घेतले आणि पोराला हातानंच 'जा जा' केलं. तो पुढच्या गल्लीत गेला. वैनी काही गेल्या नाहीत.

मी निवृत्त झाले तरी गल्लीत माझी 'बाई' ही पदवी शाबूत आहे. शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून मिक्सर बिघडला तरी लोक माझ्याकडं येतात. मोबाईलच्या बाबतीत मात्र माझं सगळं ज्ञान उसनं. माझा भाचा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, आता पुण्यात फोनच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. फोनवर त्याला कामाचं विचारलं की तासभर बोलतो, लग्नाचं विचारलं की रेंज जाते.

"हा काळा कुठल्या सालचा?" मी विचारलं.

"थोरल्याची दहावी झाली तव्हाचा. चौदा साल."

"म्हणजे ह्याला कुलूपच नाही."

"नाही कसं? पॅटर्न होता की! झेड काढायचा."

"तो नुसता पडद्यावरचा पॅटर्न. आतल्या चिपवर तुमचे फोटो जसेच्या तसे पडलेले असतात. ज्याला चिप वाचता येते, त्याला तुमचा झेड लागतच नाही. चौदा सालीच एका अँटिव्हायरसवाल्या कंपनीनं, अवास्टनं, ऑनलाइन बाजारातून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले होते. विकणाऱ्यांनी सगळं पुसलंय असं समजून विकलेले. त्यातून ४०,००० च्या वर फोटो वर काढले त्यांनी. लेकराबाळांचे, बायांचे, नको तसलेसुद्धा."

वैनींनी काळ्या मोबाईलकडं असं बघितलं की जणू त्यानंच चुगली केली.

"मग खरं कुलूप कसलं असतंय?"

"लिहितानाच सगळं गुंतवून टाकायचं. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. फोटो चिपवर जातो तेव्हाच त्याची अशी उलथापालथ होते की किल्ली नसेल तर निव्वळ कचरा दिसतो. हे काम कॅमेऱ्यानं करायचं नाही, व्हॉट्सॲपनं करायचं नाही. ते करायचं कर्नेलनं. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स आहे, त्याचा गाभा म्हणजे कर्नेल. चिपवर काही लिहायचं असो की वाचायचं, सगळी वाहतूक त्याच्यातूनच होते. तिथं एकदा एन्क्रिप्शन बसवलं की वरच्या कुठल्याही ॲपला पत्ता लागत नाही आणि कुठलंही ॲप त्यातून सुटत नाही."

"हे नवं निघालं म्हणा."

"नवं कसलं! लिनक्समध्ये डीएम-क्रिप्ट नावाची सोय २००४ पासून आहे. अँड्रॉइडमध्येही २०११ पासून होती. सेटिंगमध्ये आत, सिक्युरिटीत, खाली कुठंतरी 'फोन एन्क्रिप्ट करा' असं बटण असायचं. तुम्ही दाबलं कधी?"

"म्या? मला तर रिंगटोन बदलायलाबी पोरगी लागती."

"मी तरी कुठं दाबलं? कुणीच दाबलं नाही. ज्याला त्या बटणाची माहिती, तो आधीच हुशार. ज्याला खरी गरज, त्याला बटण आहे हेच ठाऊक नाही. म्हणून सोय असणं वेगळं आणि ती मुळातच चालू असणं वेगळं. ह्याच्यावरूनच सगळं रामायण झालंय."

वैनींनी आतून शेंगांचं सूप आणून भिंतीवर ठेवलं. रामायण म्हटल्यावर त्यांची बैठक जमली. मीही शेंगा सोलायला घेतल्या.

२०१३ मध्ये स्नोडेन नावाच्या पोरानं अमेरिकेच्या हेरखात्याची भांडी फोडली. सरकार कुणाकुणाचं काय काय ऐकतं ते जगाला कळलं आणि फोनवाल्यांची झोप उडाली. पुढच्या वर्षी ॲपलनं सांगितलं, आमचा फोन आम्हालाही उघडता येणार नाही. लगेच गूगल म्हणालं, आम्हीपण. अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती, लॉलीपॉप, २०१४ च्या नोव्हेंबरात आली. नव्या फोनला कुलूप कारखान्यातूनच लावलेलं येणार, असं जाहीर झालं. गूगलचा स्वतःचा नेक्सस ६ तसा आलाही.

"मग?"

"मग तो चालेना. चालायचा, पण रखडत. प्रत्येक अक्षर गुंतवायचं, प्रत्येक अक्षर सोडवायचं, त्यात प्रोसेसरचा दम निघायचा. लोकांनी मोजून दाखवलं. २०१५ च्या सुरुवातीलाच गूगलनं शब्द फिरवला. सक्ती नाही, म्हणाले, आमचा आग्रह आहे."

"लग्नपत्रिकेत लिहितेत तसा."

"हां. त्याच वर्षी सहाव्या आवृत्तीत परत सक्ती आणली, पण मेख मारून. ज्या फोनचा प्रोसेसर सेकंदाला ५० एमबीच्या वर एन्क्रिप्शन करू शकतो त्याला सक्ती. ज्याला जमत नाही त्याला सूट."

"म्हंजे महागाच्या फोनला कुलूप अन् स्वस्ताच्याला सूट?"

हे वैनींनी माझ्या आधी ओळखलं. भाच्यानं मला हे सांगितलं होतं तेव्हा मी नुसती 'हो का' म्हणाले होते. वैनी मात्र सोनेरी फोन हातात घेऊन भडकल्या.

"हा बघा! धाकटी नीटच्या क्लासला लातूरला होती तव्हा घेतलेला, अठरा साली. त्या टायमाला जमेल तेवढ्यातला सगळ्यात स्वस्त. होस्टेलात सहा पोरी एका खोलीत, मेसला शंभर माणसं, क्लासच्या जिन्यात चेंगराचेंगरी. फोन चोरीला जायचा तर तिथंच जाणार. पुण्या-मुंबईच्या बंगल्यात बसून पन्नास हजाराचा फोन वापरणाऱ्याला कुलूप, अन् माझ्या लेकरानं काय घोडं मारलं होतं?"

खरं होतं ते. गंजगोलाईतल्या हमालाचा, ट्यूशन एरियातल्या पोरांचा, नांदेडच्या बसस्टँडवरच्या केळीवाल्याचा फोन ह्या सवलतीत बसत होता. गरिबाला सवलत द्यायची तर ती नेमकी अशी दिली.

पण त्यात लबाडी नव्हती, अडचण खरी होती, आणि ती सांगायला मला माझी शाळेतली फळा-खडूची ऐट आणावी लागली. एन्क्रिप्शनची जगभर चालणारी पद्धत म्हणजे एईएस. २००१ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण ठरली. महागाच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना आतच कोरलेल्या असतात, त्यामुळं ते काम चुटकीसरशी होतं. स्वस्त फोनांत कॉर्टेक्स-ए७ नावाचा प्रोसेसर असायचा. त्यात ही खास सोय नाही. त्याला सगळी आकडेमोड साध्या हिशोबानं करावी लागायची. तशात कुलूप लावलं असतं तर वैनींच्या धाकटीला एक प्रश्नपत्रिका उघडायला चहा पिऊन यावं लागलं असतं.

"मग दुसरी पद्धत काढायची!"

"काढली ना. इथंच तर खरी गंमत आहे. ऐका. हलक्या प्रोसेसरवर पळणारी एक पद्धत तयार होती, तिचं नाव स्पेक. गूगलच्या लोकांनी ती लिनक्सच्या कर्नेलमध्ये घातलीसुद्धा, २०१८ च्या जूनमध्ये आलेल्या ४.१७ आवृत्तीत. पण स्पेक काढली कुणी? अमेरिकेच्या एनएसएनं. ज्या हेरखात्याची भांडी स्नोडेननं फोडली, त्याच खात्यानं."

"आग्गं बया!"

"गल्लीत चोरी झाल्यावर ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, त्यानंच सकाळी स्वस्तात कुलपं विकायला बसावं, अशातली गत. कुलूप चांगलं असेलही. आजवर कुणी त्यात खोट दाखवलेली नाही. पण घेणार कोण? जगाची प्रमाणं ठरवणाऱ्या आयएसओच्या बैठकीत त्याच वर्षी देशोदेशीच्या तज्ज्ञांनी स्पेकला नाही म्हटलं. विचारलं, ही अशीच का आखलीत ते नीट सांगा, तर समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. कर्नेलवाल्यांतही कुरबुर सुरू झाली. ऑगस्टात गूगल म्हणालं, आम्ही स्पेक वापरत नाही, दुसरं करतो. मग कर्नेलमधूनही ती उपटून टाकली. आली तशी वर्षाच्या आत गेली."

"बरं, हे आपल्याला कळतंय कसं? त्यांनी आपसात केलं असेल की."

"तेच तर उघड्या सॉफ्टवेअरचं. सगळा कोड चव्हाट्यावर. कुणी काय घातलं, कुणी काढलं, कुणी कुणाला काय बोललं, सगळं जगाला दिसतं. माझा भाचा पुण्यात बसून वाचतो आणि मला सांगतो. बंद कारखान्यात स्पेक बसली असती तर तुम्हा-आम्हाला नावही कळलं नसतं."

वैनींना हे फार आवडलं. ज्या कामात सगळ्यांना सगळ्यांचं दिसतं ते काम चोख होतं, असं त्यांचं जुनंच मत आहे. आमच्या कॉलनीच्या गणपतीचा हिशोब फळ्यावर लिहायला त्यांनीच लावला होता.

"मग स्पेक गेली. पुढं?"

पुढं २०१९ च्या फेब्रुवारीत गूगलच्या पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स ह्या दोघांनी नवी पद्धत आणली, एडिअँटम. एईएसची बहुतेक कामगिरी त्यांनी चाचा नावाच्या पद्धतीवर टाकली.

"चाचा?"

"चाचाच. डॅनियल बर्नस्टाइन नावाच्या गणितज्ज्ञाची, २००८ सालची. तिला खास कोरलेल्या सूचना लागत नाहीत. बेरीज, फिरवाफिरव आणि बिटांची अदलाबदल एवढ्यावर ती पळते, आणि हे तर स्वस्तातल्या प्रोसेसरलाही येतं. त्या बिचाऱ्या ए७ वर एडिअँटम एईएसच्या पाचपट वेगानं चालली. मार्चमध्ये आलेल्या ५.० कर्नेलमध्ये ती बसली. सप्टेंबरात अँड्रॉइड १० आलं, आणि नियम झाला की त्या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या प्रत्येक फोनला कुलूप पाहिजे. स्वस्त असो, महाग असो. सूट बंद."

एडिअँटम हे एका नेच्याचं नाव. आपल्याकडं जुन्या विहिरीच्या ओल्या दगडांतून जो हंसराज लोंबतो ना, त्याच्याच कुळातला. मी हे सांगितल्यावर वैनी म्हणाल्या, "लातुरात आता विहिरीत पाणीच राहीना तर हंसराज कुठून यायचा?" सोळा सालच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते लातूरकर माणूस कुठल्याही विषयात काढतोच. तिथून गाडी परत फोनवर आणायला मला दोन मुठी शेंगा खर्चाव्या लागल्या.

"आता ह्या दोघांचं काय करू सांगा. काळा अन् सोनेरी."

"दोन्ही चार्जरला लावून बघा. चालू झाले तर सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्ट करून घ्या, वेळ लागला तरी. मग फॅक्टरी रीसेट. आधी गुंतवून मग पुसलं की किल्लीच नष्ट होते. मागं उरेल तो कचरा, खुशाल टप घ्या. चालूच झाले नाहीत तर टपाचा मोह सोडा. ई-कचऱ्यात द्या, आणि देण्याआधी आतली चिप फोडा."

"अन् हा निळा?"

निळा मोबाईल त्यांनी सुपात ठेवला नाही, हातातच ठेवला. त्यांच्या सासऱ्यांचा. एकवीस साली थोरल्या नातवानं आजोबांना घेऊन दिलेला. आजोबा गेल्या साली गेले. दर येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, ते रानात जायचे, कोपीतल्या पूजेचा, भज्जीच्या पातेल्याचा, आंबील पिणाऱ्या माणसांचा, बैलांचा, सगळ्यांचा फोटो काढायचे. पाठवायचे कुणालाच नाहीत. "घरी आलात की दाखवतो," म्हणायचे.

"पॅटर्न कुणालाच ठावं नाही, बाई. सगळं करून बघितलं. झेड केला, एल केला, त्यांच्या नावाचं अक्षर केलं. चुकलं की थांबा म्हणतंय, अजून चुकलं की अजून जास्त थांबा म्हणतंय. ह्यांनी दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, फ्लॅश मारून देतो, फोन नव्यावानी चालंल. मी म्हणलं, फोटो? तर म्हणाला, फोटो जातील."

"बरं केलंत नाही मारू दिला ते."

"पण काढता येत न्हाईत का कसंच? तुमचा भाचा एवढा हुशार."

भाच्याला मी विचारलं होतं. नऊ ठिपक्यांचे ३,८९,११२ पॅटर्न होतात. ते पटापट घालून बघता आले असते तर यंत्राला काय अवघड होतं? पण फोन पटापट घालू देत नाही. चिप काढून दुसऱ्या फोनला जोडली तरी उपयोग नाही, कारण किल्ली तयार होते ती आजोबांचा पॅटर्न आणि त्या फोनच्या पोटात जन्मजात असलेलं गुपित, ह्या दोन्हींतून. एक जरी नसलं तरी सगळा कचरा. एवढी चोख व्यवस्था आहे की आजोबांच्या घरच्यांनाही ती चोर समजते.

"रात्री बंद पडून परत चालू झाला ना, तव्हा एक गंमत व्हायची," वैनी म्हणाल्या. "ह्यांनी फोन लावला तर नुसता नंबर यायचा, नाव येत नव्हतं. माझ्या मनात आलं, फोनसुद्धा माणसं विसरला का काय."

ते बरोबर आहे. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून एकेक फाइल वेगळी गुंतवतात. फोन नव्यानं सुरू झाला की गजर वाजतो, कॉल येतो, पण पहिल्यांदा पॅटर्न घातल्याशिवाय नावांची यादी उघडत नाही. म्हणून सख्ख्या मुलाचा फोनही अनोळखी नंबरासारखा येतो.

"मला एक सांगा, बाई." वैनींचा आवाज चढला. "हे कुलूप लावताना मामंजींना कुणी विचारलं होतं का? त्यांना वाटायचं पॅटर्न म्हंजे पोरासोरांनी हात लावू नये म्हणून. आत सगळं असं गुंतून बसलंय अन् आपण गेलो की कायमचं जाणार, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"मग? तुम्ही म्हणता मुळातच कुलूप पाहिजे. मी म्हणते, पाहिजे, माझ्या धाकटीच्या फोनला पाहिजेच होतं. पण न विचारता लावता, तर किल्लीचं काय होणार तेबी तुम्हीच सांगायला नको का? कुलूप लावायचं त्यांनी, अन् किल्ली हरवली की दोष आमचा?"

मी विज्ञानाची बाई, पण ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी निम्मं काम फार छान केलं. ज्याला कुलूप ठाऊक नाही त्याच्या फोनलाही कुलूप लावलं. उरलेलं निम्मं काम, ज्याला किल्ली ठाऊक नाही त्याला किल्ली सांभाळायला शिकवणं, ते त्यांनी आपल्यावर टाकलं आणि तसं टाकल्याचं कळवलंही नाही.

एक वाट मात्र उरली होती. "आजोबांच्या फोनमध्ये गूगलचं खातं थोरल्यानं उघडून दिलं होतं ना? त्यानं फोटोंचा बॅकअप चालू केला असेल तर ते फोटो फोनबाहेरही असतील. ते वेगळ्या कुलपात असतात, आणि त्या कुलपाचा पासवर्ड थोरल्याला आठवेल. नाहीच आठवला तर गेलेल्या माणसाच्या खात्यासाठी वारसांनी गूगलकडं अर्ज करायची सोय आहे. पण उशीर करू नका. दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर ते खातं पुसू शकतात."

वैनींनी तिथूनच थोरल्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "मीटिंग संपली की आधी आजोबांचा पासवर्ड आठव, मग जेव," असा निरोप ठेवून त्यांनी फोन कापला.

"पण बाई, असलं कुलूप चोरालाबी मिळतंय की. नीटच्या पेपरफुटीचं आठवतंय ना?"

आठवत कसं नाही? २०२४ च्या जूनमध्ये नांदेडच्या एटीएसच्या लोकांनी लातुरात क्लास चालवणाऱ्या दोन जिल्हा परिषद शिक्षकांना ताब्यात घेतलं होतं. त्यांच्या मोबाईलमध्ये परीक्षार्थींची हॉल तिकिटं मिळाल्याच्या बातम्या होत्या. पुढं प्रकरण सीबीआयकडं गेलं. वैनींच्या माहेरी महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"तसल्यांचा फोन उघडलाच नसता तर?"

"कुलपाला सज्जन-दुर्जन कळत नाही, हे खरंच. पोलिसांकडं फोन उघडायची परदेशी यंत्रं असतात. काही फोन उघडतात, काही नाही. पण सगळ्या फोनांना चालणारी एक जादा किल्ली करून ठाण्यात ठेवा म्हणालात, तर ती ठाण्यात किती दिवस राहील?"

"ठाण्यातून तर जप्तीची मोटारसायकल जाती," वैनींनी निकाल दिला.

तेवढ्यात त्यांना भावाची आठवण झाली. भावाचं लातुरात मल्टिसर्व्हिसेसचं दुकान. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं तिथं. जुना लॅपटॉप रडतखडत चालायचा, म्हणून कॉलेजच्या पोरानं त्यात उबुंटू टाकून दिलं. फुकट आणि पळतं.

"लिनक्सच की ओ ते. तुम्हीच म्हणता फोनमध्येबी लिनक्स. म्हंजे त्यालाबी कुलूप आलंच."

"नाही आलं."

"कामून?"

"बसवताना एक चौकट येते, एन्क्रिप्ट करायचं का म्हणून. ती रिकामी असते. खूण केली तर कुलूप, नाही केली तर उघडं. डेबियन, फेडोरा, उबुंटू, सगळीकडं तसंच. पॉप ओएस नावाचा एक लिनक्स मात्र मुळातच कुलूप लावून देतो. बाकीचे कचरतात. का, तर तुमच्या मामंजींसारखं होतं. पासवर्ड विसरला की सगळा डेटा गेला, आणि शिव्या सॉफ्टवेअरवाल्याला. दर वेळी सुरू करताना पासवर्ड मागतो, म्हणून लोक कंटाळतात. ऑफिसातली मोठी यंत्रं लाइट जाऊन आली की आपोआप उठायला हवीत, तिथं पासवर्ड टाकायला रात्री कोण बसणार? त्यामुळं त्यांनी निर्णय तुमच्या भावावर सोडला."

"अन् भावानं त्या कॉलेजच्या पोरावर."

"आणि पोराला जेवायला जायची घाई. खूण राहिली."

दुकानातल्या त्या एका लॅपटॉपवर निम्म्या गावाची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं आणि अंगठ्याचे ठसे घेतानाचे फोटो. लॅपटॉप गेला तर दुकानदाराचे वीस हजार जातील, पण गावाचं काय काय जाईल? २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे त्यात. हा आकडा जास्तीत जास्त दंडाचा, पण वैनींनी भावाला फोनवर तोच पूर्ण सांगितला. पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही.

"त्याला म्हणावं, आधी सगळं पेनड्राइव्हवर घे, मग उबुंटू परत टाक आणि ती खूण कर," मी सांगितलं. "आणि पासवर्ड कागदावर लिहून दुकानात नाही, घरी ठेव. वहिनीला सांगून ठेव."

"कागदावर? पेपरात तर म्हणतेत पासवर्ड लिहू नका."

"लॅपटॉपला चिकटवू नका असं म्हणायचं असतं त्यांना. चोर दुकानात येतो, तुमच्या कपाटातल्या पासबुकांच्या पिशवीत नाही. आजोबांनी ठिपक्यांचं चित्र त्या पिशवीत काढून ठेवलं असतं तर आज आपण इथं भज्जीचे फोटो बघत बसलो असतो."

वैनींना पटलं. पटलं की त्या थांबत नाहीत. शेंगांची टरफलं गोळा करायच्या आत त्यांनी आतून जुनी वही आणली, पहिल्या पानावर स्वतःच्या फोनचा पिन लिहिला, खाली धाकटीचा विचारून लिहिला, आणि तिथूनच घरात आवाज दिला.

"अहो! तुमच्या मोबाईलचा पिन सांगा, वहीत लिहायलेय!"

आतला टीव्ही एकदम बारीक झाला. मग हळूच आवाज आला, "कामून?"

वैनींनी पेनाचं टोपण लावलं, वही काखेत मारली आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या भाच्याच्या कुलपाचं मी संध्याकाळी बघते. आधी ह्या 'कामून'चं बघून येते."